दोन्ही घरचं पाणी

चिंचवड, ता. ८ ऑक्टोबर १९५३

तीर्थरूप दादांस मंजुळाचा साष्टांग नमस्कार.

दोन वर्षांवर झालं, तुम्हाला एक ओळही लिहिली नाही. क्षमा मागते. वहिनींचे निरोप मिळत होते. गावच्या ज्योतीरामबरोबर तुम्ही धाडलेले कांदेही मिळाले. ते ठेवून घेतले आणि पोच मात्र दिली नाही. हे मला शोभलं नाही.

आजही लिहिते आहे ते गरजेपोटी, हे आधीच सांगून टाकते. चिमाचं पत्र आलं आहे का?

काल शिक्षकांच्या खोलीत सुमनताईंनी वर्तमानपत्र वाचून दाखवलं. त्या आमच्या मुख्याध्यापिका. कोरियात आपल्या पलटणी कैद्यांवर राखण करायला गेल्या आहेत, तिथे कैद्यांनी दगडफेक केली, आपल्या लोकांना गोळी झाडावी लागली, काही कैदी मेले. वाचता वाचता त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "मंजुळाबाई, तुमचा चिमाजी तिकडेच ना?" मी "हो" म्हटलं. जणू दर आठवड्याला मला त्याचं पत्र येतं अशा आवाजात म्हटलं. खरं म्हणजे तो कोरियात आहे हेसुद्धा मला ज्योतीरामकडून कळलं होतं.

पाणी भरायला आलेली रुक्मिणीबाई ऐकत होती. म्हणाली, "भांडण अमेरिकेचं आन् चिन्यांचं. आपल्या पोरांनी तिथं काय राखायचं?"

सुमनताईंनी समजावलं. लढाई थांबली आहे. पण अमेरिकेच्या बाजूने धरलेल्या वीस हजारांवर चिनी आणि कोरियन शिपायांना घरी परत जायचं नाही. चीन म्हणतो, आमची माणसं आम्हाला द्या. अमेरिका म्हणते, त्यांच्या मनाविरुद्ध देणार नाही. या एका मुद्द्यावर लढाई किती महिने लांबली. शेवटी दोघांनी ती माणसं आपल्या हातात दिली.

"आपल्यालाच का?" रुक्मिणीबाईने विचारलं.

"आपण कुणाचे नाही म्हणून."

"आन् आपल्यापाशी काही न्हाई म्हनून," असं म्हणून ती कळशी घेऊन गेली. सगळ्या हसल्या. मीही हसले. पण घरी आल्यावर ते वाक्य डोक्यातून जाईना. ज्या देशाला परवा परवापर्यंत अमेरिकेहून गहू उसना आणावा लागला, त्याच्या स्वाधीन दोन बलाढ्य शत्रू आपली सर्वांत मोठी अडचण करतात. वर्गात मी मुलींना नकाशा दाखवते, तेव्हा कोणता देश मोठा आणि कोणता लहान, हे मी रंगांवरून सांगत आले.

आपल्या भांडणाबद्दल नवं काही लिहीत नाही. हे बेचाळीसात तुरुंगात गेले, सुटून आले ते ताप घेऊनच, आणि महिन्याच्या आत गेले. तेव्हा तुम्ही इटलीत, त्याच सरकारच्या फौजेत होतात. तेवढं मी पोटात घातलं होतं. पण माझ्या एकुलत्या मुलाला तुम्ही भरतीला घेऊन गेलात, ते मला पोटात घालता आलं नाही. हा वेष अंगावर आहे तोवर माझ्या दारात यायचं नाही, लिहायचंही नाही, असं मी त्याला सांगितलं. त्याने ऐकलं. लहानपणी कधी एवढं ऐकत नव्हता.

तो जिवंत आहे एवढं कळवा. दुसरं काही नको.

मंजुळा


चिंचवड, ता. २७ ऑक्टोबर १९५३

ती. दादांस सा. न.

तुमचं कार्ड आणि सोबत चिमाचं पत्र मिळालं. तुम्ही लिहिलंत, "पोरगं खुशाल हाय. तू वाच आन् परत धाड, तुझ्या वहिनीला पुन्यांदा ऐकायचंय." पत्र मी उतरवून घेतलं आहे आणि मूळ यात घातलं आहे. उतरवायला तुमची परवानगी घेतली नाही.

ते किती वेळा वाचलं हे सांगत नाही. दक्षिण कोरियाच्या सरकारने आपल्या लोकांना त्यांच्या जमिनीवर पाऊल ठेवू दिलं नाही, म्हणून एकेका तुकडीला जहाजावरून डोक्यावर पंखा असलेल्या विमानात घालून नेलं! "मामा, खाली त्यांचीच शेतं दिसत होती, भाताची, आपल्या मावळासारखी. आणि त्यात उतरायची आम्हाला बंदी." हे वाचून मला आधी अपमान वाटला. मग वाटलं, ज्याला कुणी पाय टेकू देत नाही, त्यालाच सगळ्यांच्या मधे उभं करतात, ही केवढी नवल करण्यासारखी गोष्ट आहे.

आणि तो समजावणीचा तंबू! एका मेजाशी पाच देशांची माणसं बसतात. अध्यक्ष आपला. चीनचा अधिकारी कैद्याला सांगतो, घरी चल, आई वाट बघते आहे, कुणी तुला शिक्षा करणार नाही. कैदी शिव्या देतो, रडतो, खुर्ची फेकतो. तंबूला बाहेर जायला दोन दारं. एकातून गेला तर मायदेशी, दुसऱ्यातून गेला तर परत छावणीत. कुणी त्याला ढकलायचं नाही, ओढायचं नाही. चिमा हातात लाठी घेऊन कैद्याच्या पाठीशी उभा. "मामा, लाठी असते पण उगारायची नाही. तो माझ्या अंगावर थुंकला तरी त्याचं दार त्यालाच शोधू द्यायचं."

दादा, मी इतिहास शिकवते. हजारो वर्षं लढाईत धरलेला माणूस जिंकणाऱ्याचा माल असे. विकला, मारला, अदलाबदल केली. तुला कुठे जायचं आहे, असं त्याला कुणी विचारलं? आणि आता विचारतात, तेही बॉम्बवाले नाही विचारत. आपल्यासारखे विचारतात. मागच्या वर्षी आपल्या लोकांनी हा तोडगा जगापुढे मांडला तेव्हा चीन आणि रशियाने तो झिडकारला होता, हे मला आठवतं. मीही तेव्हा मनात म्हटलं होतं, दुबळ्याची भाषणं. तो तोडगाच आता बराचसा त्या तंबूत उभा आहे, आणि त्याच्या दाराशी माझा मुलगा.

तुमचं मत तुम्ही कार्डाच्या कडेला लिहिलंच आहे: "लाठीवाली फौज म्हंजे भजनी मंडळ. एक दिवस मार खातील." तुम्ही लढाई पाहिली आहे, मी नाही. तुम्हीच खरे ठराल या भीतीने मला झोप येत नाही. आणि तुम्ही खोटे ठरावेत असं मला फार वाटतं, तेवढं मोकळेपणाने लिहिते.

चिमाच्या पत्रात माझा उल्लेख नाही. तो असायला नको होताच.

मंजुळा


चिंचवड, ता. २३ नोव्हेंबर १९५३

ती. दादांस सा. न.

काल संध्याकाळी निघोज्याहून सुखरूप पोचले. मोशीला एसटी लगेच मिळाली.

तुमच्या कार्डाने माझी काय अवस्था झाली असेल याचा विचार तुम्ही केला नव्हतात, हे आता हसून लिहिते. "चिमाला कैद्यांनी धरलं हुतं. सुटला. पत्र लांब हाय, अक्षर बारीक, मला लागत न्हाई. येऊन वाच." तुम्हाला अक्षर लागत होतं, दादा. पहिलं पान तुम्ही बोट लावून वाचलेलं होतं, त्यावर तंबाखूचे डाग आहेत. पण मला बोलावण्याची तुमची रीत मला कळली आणि मी आले. वहिनींनी पायावर पाणी घातलं आणि दोन वर्षं कुठे होते हे विचारलंसुद्धा नाही.

ओट्यावर जे झालं ते तुम्ही ऐकलंच आहे. तरी लिहून काढते. लिहिल्याशिवाय मला ते खरं वाटत नाही. माझ्या ऐकण्यात चूक असेल तर कळवा.

तुम्ही, वहिनी, मालोजीराव आणि गोजाबाई. तुमचे चुलतभाऊ मालोजीराव येऊन बसले याचंच मला नवल वाटलं. चाळीस साली त्या बांधालगतच्या ज्वारीवरून तुम्ही दोघं कुऱ्हाडी घेऊन उभे होतात. मी वाचायला लागले.

"मामा, चूक माझीच झाली. आमची पाळी तारेच्या आत होती. एका आवारात पाचशे चिनी. थंडी अशी की मिशीवर दव गोठतं. त्यांचा एक म्हातारा आचारी आहे, त्याने पत्र्याच्या मगातून चहा आणला. मी हात मागे घेतला. मला गोजामावशी आठवली. तुमच्या आणि मालोजीमामांच्या वादातली ज्वारी तिच्या खळ्यावर ठेवली होती तेव्हा तिने पंचांचा निकाल होईपर्यंत दोन्ही घरचं पाणी घेणं बंद केलं होतं. मामीने माझ्या हाती ताक धाडलं तेही घेतलं नव्हतं. मला वाटलं, आपण इथे राखणदार, आपणही तसंच वागायचं."

इथे गोजाबाई म्हणाल्या, "अगं बया! माजं नाव तितवर गेलं?"

"चिन्यांनी लिहून घेतलं असंल," मालोजीराव म्हणाले. "आता तुला बोलवायला इमान येतंय बघ."

"येऊ दे. पर मधी बसून मी कुणाचं खायची न्हाई, भाकरी बांधून नेईन."

तुम्ही दोघांना गप्प केलंत. "आरं, पोरगं अडकलंय तिकडं, वाचू द्या."

"म्हाताऱ्याने दुसऱ्यांदा मग पुढे केला. मी पुन्हा मान हलवली. त्याने मग खाली आपटला आणि ओरडला. बघता बघता शेदीडशे माणसं भोवती. माझी लाठी गेली. आमचा दुभाषा तारेबाहेरून ओरडून सांगत होता, ते म्हणतात तू त्यांना बाटलेले समजतोस, तू तिकडच्यांचा माणूस आहेस, त्यांना बांधून चीनला धाडणार आहेस. मला एका राहुटीत बसवलं. दोघं मानेवर हात ठेवून.

"बाहेर आमची कंपनी आली. बंदुका होत्या. मेजरसाहेबांना हुकूम देता आला असता. मामा, ते सगळ्यांना म्हणाले, खाली बसा. गोठलेल्या मातीवर सगळी कंपनी मांडी घालून बसली. मला राहुटीच्या फटीतून दिसत होतं. उभी फौज बघून ते बिथरले असते, बसलेली फौज त्यांनी कधी बघितली नव्हती. आरडाओरडा हळूहळू कमी झाला."

तुम्ही इथे चिलीम खाली ठेवलीत. "बसली?" तुम्ही म्हणालात. "फाटकासमोर? बसलेल्या मानसाला उठून बंदूक धरायला येळ लागतो, मंजे. तो मेजर येडा तरी हाय न्हाईतर..." इटलीत तुम्ही कधी असं पाहिलं नव्हतं, एवढं मला तुमच्या तोंडावरून कळलं.

"त्यांचा पुढारी शाळामास्तर होता. त्याने दुभाष्यामार्फत विचारलं, चहा का नाही घेतलास? मी गावची रीत सांगितली. दुभाष्याला ती चिनी भाषेत सांगताना घाम फुटला. मास्तर म्हणाला, मग तू तिकडच्यांचाही घेत नाहीस? मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, दाखव.

"निरोप गेला. समजावणी करणाऱ्या चिनी अधिकाऱ्यांपैकी एक जण थर्मास घेऊन फाटकाशी आला. त्याला वाटलं असावं, कुणी कैदी बोलायला तयार झाला. मला फाटकापर्यंत आणलं. इकडे पाचशे माणसं, तिकडे तो अधिकारी, मधे तार. त्याने कप भरून पुढे केला, गोड हसला. वाफ माझ्या तोंडावर येत होती. मी म्हटलं, नको साहेब. त्याने सिगारेट काढली. नको साहेब. त्याचं हसू गेलं. मग मास्तरने माझी लाठी आणून माझ्या हातात दिली आणि फाटक उघडलं."

मी वाचायची थांबले. वहिनी डोळे पुसत होत्या. मालोजीराव म्हणाले, "पोरानं निघोज्याचं नाव काढलं. दोन्ही घरचं पानी बंद! आरं, ह्या एका रीतीनं चीन न् अमेरिका गप केली."

तेव्हा गोजाबाई म्हणाल्या ते मला पटलं नाही आणि अजून पूर्ण पटत नाही, पण ते सोडताही येत नाही. त्या म्हणाल्या, "त्येचं चुकलंच. म्हाताऱ्याचा चा त्यानं घ्यायला पायजे व्हता."

"का गं?" मालोजीराव चिडले.

"घरं दोन. येक चिन्याचं, येक अमेरिकेचं. त्यांचं पानी नगं, बराबर. पर ती कैदी मान्सं घर न्हाईत बाबा, ती रास हाय. माज्या खळ्यावरच्या जोंधळ्याला मी कवा न्हाई म्हटलं? रोज वर हात फिरवायची. आन् जोंधळा रुसत बी न्हाई. मानूस रुसतो."

"मग तुला तवा काय वाटायचं, राखन करताना?" तुम्ही विचारलंत.

"मला? तान लागायची."

हसता हसता मालोजीरावांना ठसका लागला. तुम्ही त्यांच्या पाठीवर थापट्या मारल्यात. चाळीस सालानंतर मी तुम्हाला त्यांना हात लावताना पाहिलं नव्हतं.

एसटीत बसल्यावर मी विचार करत होते. गोजाबाईंकडे तेव्हा त्या खळ्यापलीकडे जमीन नव्हती, माणूस नव्हता, दारात बैल नव्हता. म्हणून पंचांनी गोजाबाईंचं खळं निवडलं. त्यांच्या हाती सत्ता नव्हती, पण त्या म्हणाल्या "नको" आणि दोन कुऱ्हाडी खाली ठेवल्या गेल्या. मी तेव्हा याला खेडवळ सोवळं म्हणत असे. जगातले मोठे कायदे असेच कुणाच्या तरी खळ्यावर सुरू झाले असतील काय? की मी माझ्या मुलाच्या मायेने लहान गोष्ट मोठी करते आहे? दोन्ही शक्य आहे. पण ती कंपनी गोठलेल्या जमिनीवर बसली, ही गोष्ट लहान नाही. ती कुणीही पाहिली असती तरी थक्क झाला असता.

एक राहिलं. पत्राच्या शेवटचा कागद तुम्ही मला वाचायला दिला नाहीत, घडी करून कोपरीच्या खिशात ठेवलात. मी पाहिलं. विचारलं नाही.

मंजुळा


चिंचवड, ता. ३१ जानेवारी १९५४

ती. दादांस सा. न.

परवा तुम्ही स्वतः आलात, शाळेच्या दारात उभे राहिलात आणि "माझी भन हितं मास्तरीन हाय" असं शिपायाला दरडावून सांगितलंत, याचं मुलींना अजून हसू येतं आहे. मलाही. पिंपरीला उभा राहणारा पेनिसिलिनचा कारखाना तुम्हाला दाखवायचा राहिला. जगभरच्या देशांनी मिळून यंत्रं दिली आहेत, कुणी एकाने नाही. पुढच्या खेपेला जाऊ.

कोरियातलं संपलं. वर्तमानपत्रात आलं आहे ते तुम्हाला ज्योतीरामने वाचून दाखवलं असेलच. समजावणीची मुदत संपली तेव्हा बहुतेक कैदी त्या तंबूत आलेच नव्हते. उरलेल्यांना आपल्या लोकांनी ज्या बाजूने घेतलं होतं त्या बाजूला परत दिलं. आता चीन म्हणतो, हिंदुस्थानने अमेरिकेचं काम केलं. दक्षिण कोरिया म्हणतो, हिंदुस्थान कम्युनिस्टांचा. सुमनताई खट्टू झाल्या. म्हणाल्या, "एवढं करून यश नाहीच." यश आलं असं मीही म्हणू शकत नाही. किती माणसांनी खरोखर मनाने निवडलं आणि किती जण आपल्याच सोबत्यांच्या धाकाने गप्प राहिले, हे कुणाला कळणार? चिमाही लिहितो की रात्री राहुट्यांतून मारहाणीचे आवाज येत आणि सकाळी कुणी तक्रार करत नसे. तो आचारी बाकीच्यांबरोबर निघून गेला, त्याच्याकडे चहा प्यायचं राहिलंच, हेही लिहितो.

तरी दादा, मला आश्चर्य वाटायचं थांबत नाही. पुढच्या लढाईत कैदी धरले जातील तेव्हा कुणीतरी म्हणेल, त्यांना विचारा. एकदा विचारलं गेलं आहे, ते पुसता येणार नाही. आणि विचारणारे आपण होतो, रेशनच्या रांगेतली माणसं.

तुम्ही खिशातला तो कागद परवा माझ्यापुढे ठेवलात. दोन महिने तुम्ही तो जवळ ठेवलात, कारण "तू घाईनं उत्तर दिलं असतंस आन् वंगाळ दिलं असतंस." बरोबर होतं तुमचं. आता तो माझ्या टेबलावर आहे.

"मामा, आईला सांगा, मी अजून कुणावर गोळी झाडलेली नाही. पण राहुटीत बसलो असताना माझ्या हाती बंदूक असती तर झाडली असती. फार घाबरलो होतो. हेही सांगा, अर्धं सांगू नका. मी फौज सोडणार नाही. हे सगळं ऐकून तिला मी यावंसं वाटलं तरच येईन. तिला विचारा."

मी रात्रभर उत्तरं लिहिली आणि फाडली. एकात मी त्याला अहिंसा शिकवली. एकात त्याच्या वडिलांचं तुरुंगातलं शेवटचं पत्र उतरवलं. एकात त्याचं एवढं कौतुक केलं की त्याला फौजेबद्दल बोलताच येऊ नये. प्रत्येक पत्रात मी त्याला कुठल्या तरी बाजूला ओढत होते. सकाळी ते दिसलं. तो अनोळखी चिनी माणसाला ओढायला तयार नव्हता, आणि मी पोटच्या मुलाला ओढत होते.

वेषाची अट मी काढली आहे. हे आधी तुम्हाला लिहिते, कारण ती घातली तेव्हा तुम्ही समोर होतात. तो वेषात आला तरी चालेल. आमचं पटणार नाही, वाद होतील, कदाचित पहिल्याच संध्याकाळी होतील. होऊ देत. त्याचं जहाज पुढच्या महिन्यात मद्रासला लागेल म्हणतात. पत्र त्याच्या आधी पोचायला हवं.

वहिनींना नमस्कार. मालोजीरावांना आणि गोजाबाईंना सांगा, विचारलं आहे म्हणून.

मंजुळा

उद्या: शाळा भरायच्या आधी चिमाला पत्र टाकणे.